बाटलेली गाडी

"गाडी बाटवलीस की रे!"

गारगोटीत माझ्या मित्राच्या दारात त्याच्या जुन्या अमेरिकन गाडीचं बोनेट उघडं होतं. कोल्हापूरहून आलेल्या एका जाणकार पाहुण्यांनी रेडिएटरच्या पुढं बसवलेल्या, शाळेच्या वहीएवढ्या जाळीकडं बोट दाखवून हे वाक्य टाकलं. चेहरा असा की देव्हाऱ्यात कुणी चप्पल ठेवली असावी. ती जाळी म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल गार करणारा जादा कूलर. दोन होज पाइप, चार क्लिपा, दोन पट्ट्या, एवढाच पसारा. मित्र बिचारा ओशाळला. पाहुण्यांनी चहा घेतला आणि निघताना "काढून टाक ते, किंमत जाते गाडीची" असा फुकटचा सल्लाही ठेवून गेले.

राग या एका पाहुण्याचा नाही. जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींत हे मत आता सोवळ्यासारखं पाळलं जातं. बोनेटखाली नवं काही दिसलं की गाडी बाटली. चार लोक जमले की तेच ते पुन्हा ऐकू येतं. जुनी गाडी म्हणजे वारसा, कंपनीनं दिलं ते पूर्ण, त्यात खिळाही वाढवायचा नाही. गिअरबॉक्सचं तेल गार करायची सोय कंपनीनं रेडिएटरच्या टाकीतच केलेली आहे. ती पन्नास-साठ वर्षं पुरली, मग आजच कुठं आग लागली? वर जादा होज म्हणजे जादा गळती, तेल नको इतकं गार होणार, पासिंगला अडचण येणार, प्रदर्शनात गुण कापणार. आणि सगळं बोलून झालं की मिशीवरून हात फिरवत विचारलेला हुकमी प्रश्न: "कंपनीच्या इंजिनिअरला काय अक्कल नव्हती?"

होती ना. भरपूर होती. म्हणून तर त्यानं आधी विचारलं की गाडी चालणार कुठं.

शेवर्लेनं पॉवरग्लाइड हा दोन गिअरचा ऑटोमॅटिक १९५० मध्ये आणला. इम्पाला १९५८ मध्ये आली. क्रायस्लरचा तीन गिअरचा टॉर्कफ्लाइट १९५६ चा. या गाड्या ज्यांनी कागदावर आखल्या, त्यांच्या डोळ्यांपुढं रुंद, सरळ, मोकळे रस्ते होते. जाळीवर भरपूर वारा लागेल अशा वेगानं गाडी तासन् तास चालणार, हे त्यांनी गृहीत धरलं आणि त्यांच्या मुलखापुरतं ते बरोबरच होतं. त्यांच्या गृहीतकात बिद्रीचा साखर कारखाना नव्हता.

कोल्हापूर ते गारगोटी पन्नासेक किलोमीटर. गळीत हंगामात या रस्त्यावर ज्यानं गाडी घातली आहे त्याला पुढचं सांगायला नको. मुदाळतिट्ट्याच्या अलीकडं-पलीकडं उसानं लादलेल्या डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर पुढं, त्याच्या पुढं आणखी एक, अधूनमधून बैलगाड्या. मोळ्या दोन्ही बाजूंनी इतक्या बाहेर आलेल्या की ओव्हरटेकचा विचारही मनात आणू नये. ट्रॅक्टरवर गाणी इतक्या जोरात की मागचा हॉर्न त्याला ऐकूच जात नाही. अशा वेळी मागची ऑटोमॅटिक गाडी काय करत असते? ती रांगते, थांबते, परत रांगते. समोरून वारा नाही, पुढच्या ट्रॅक्टरचा धूर तेवढा आहे. आणि गिअरबॉक्सच्या पोटात तेल घुसळलं जात असतं.

इथं जरा थांबून हे पोट उघडून बघू, कारण सोवळेकऱ्यांनी ते कधी उघडलेलं नसतं. साध्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच असतो. पाय उचलला की दोन्ही एकमेकांना घट्ट धरतात. ऑटोमॅटिकमध्ये त्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. एका भांड्यात समोरासमोर दोन पंखे आणि मध्ये तेल. इंजिनाचा पंखा तेल फेकतो, त्या तेलाच्या माऱ्यानं समोरचा पंखा फिरतो. दोघांच्या वेगात फरक असतोच, आणि जेवढा फरक मोठा तेवढं तेल तापतं. इंजिन फिरतंय आणि गाडी ब्रेकवर उभी आहे, तर इंजिनानं कन्व्हर्टरला दिलेली सगळी शक्ती तेलाच्या उष्णतेत जाते. सगळी. पुढं हे दोन पंखे ठरावीक वेगानंतर एकमेकांत अडकवून टाकायची सोय आली. पॅकार्डनं ती १९४९ मध्ये करून दाखवली होती, पण सर्रास झाली ती १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून. म्हणजे आपल्या हौशी मंडळींच्या बहुतेक लाडक्या गाड्यांत ती नाही. त्यांचं तेल सपाट रस्त्यावरही घसरत, तापत चालतं.

आता घाट घ्या. गारगोटीहून मुदाळतिट्टा, राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाट उतरायचा आणि मे महिन्यात कोकणातून माणसं-आंबे भरून परत चढायचं, हा आपल्याकडचा वार्षिक कुळाचार. माणसं-सामानासह अठराशे किलोची गाडी, चाळीसचा वेग, शंभराला सहाचा चढ. एवढ्यासाठी चाकांना साधारण पंधरा किलोवॅट लागतात. तेवढे चाकांपर्यंत पोचवताना जुना कन्व्हर्टर नि गिअरबॉक्स मिळून तीन-चार किलोवॅट वाटेतच तेलात सांडतात. तीन-चार किलोवॅट म्हणजे घरातले दोन गिझर. आणि तेल किती? नऊ-दहा लिटर. ही उष्णता बाहेर काढलीच नाही आणि सगळी तेलानंच सोसली, तर तेल मिनिटाला बारा-चौदा अंशांनी चढेल. लोखंड आणि ॲल्युमिनियम थोडी पिऊन टाकतात म्हणून प्रत्यक्षात वेग कमी असतो. पण घाट काय एका मिनिटात संपतो?

तेल ८० ते ९५ अंशांत सुखी असतं. ११५-१२० च्या पुढं ते विटायला लागतं आणि आतल्या बारीक झडपांवर वार्निशसारखा थर धरतं. १३० च्या आसपास रबरी सील कडक होतात. १४५ च्या जवळ क्लचच्या प्लेटा घसरायला लागतात, आणि घसरल्या की त्या स्वतःच आणखी उष्णता तयार करतात. सुखाच्या पट्ट्यावर दर दहा-अकरा अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं, असा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. पाहुण्यांना यातला एकही आकडा माहीत नव्हता. त्यांना फक्त इंजिनाचा काटा माहीत होता.

"इंजिन कुठं तापतंय? काटा तर मधोमध आहे." अहो, तो काटा पाण्याचा आहे. गिअरबॉक्सच्या तेलाला त्या गाडीत काटाच दिलेला नाही. कंपनीनं केलेली सोय अशी की रेडिएटरच्या खालच्या किंवा बाजूच्या टाकीत एक नळी ठेवून तिच्यातून तेल फिरवायचं. म्हणजे तेल गार करतं कोण? तर इंजिनाचं गरम पाणी. तेल त्या पाण्याच्या खाली कधीच जाऊ शकत नाही. आणि ते पाणी कसलं? आपल्याकडं वर्षानुवर्षं बोअरचं. रेडिएटरच्या नळ्यांत क्षाराचा थर, खालच्या टाकीत गाळ, आणि तेलाची नळी त्या गाळात पुरलेली. नव्या गाडीत जी सोय जेमतेम पुरत होती, ती साठ वर्षांच्या रेडिएटरात पुरते असं कुठल्या पोथीत लिहिलंय? उलट जादा कूलर बसवला की तेलाची उष्णता तिथंच वाऱ्याला जाते आणि रेडिएटरवरचा बोजाही हलका होतो. इंजिनाचा काटा मधोमध राहायला हीच जाळी मदत करते.

आणि कंपनीनं दिलं नव्हतं म्हणता? दिलं होतं. ट्रेलर ओढणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी आणि पोलिसांच्या गाड्यांसाठी अमेरिकी कंपन्या स्वतःच जादा तेल-कूलर बसवून देत. ज्या गाडीला ओझं जास्त आणि वारा कमी, तिला कूलर लागतो, हे त्या इंजिनिअरला पक्कं ठाऊक होतं. फोंडा घाटात आंब्याच्या पेट्यांसह चढणारी इम्पाला कुठल्या रकान्यात बसते, हे त्यालाच विचारलं असतं तर काय उत्तर आलं असतं? कंपनीच्या अकलेचा दाखला द्यायचाच असेल तर निदान तिची अख्खी यादी तरी वाचावी.

"पन्नास वर्षं चालली की!" हा दुसरा हुकमी एक्का. कोण चालली? जी समोर उभी आहे ती चालली. ज्या चालल्या नाहीत त्या आज बोनेट उघडून दाखवायला येत नाहीत. त्यांचं काय झालं ते जुन्या मिस्त्र्यांना विचारा. वकिलातींच्या वापरलेल्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात आणि हातोहात फिरत खाली यायच्या. एखादीचा ऑटोमॅटिक जळला की तो उघडायला माणूस नाही, प्लेटा नाहीत, सील नाहीत. मग साधा गिअरबॉक्स ठोकून बसवायचा, बोगद्याला भोक पाडायचं, क्लचचा पेडल वेल्ड करायचा. पेट्रोल महागल्यावर तसाच हात इंजिनालाही लावायचा आणि आठ सिलिंडरच्या जागी डिझेल इंजिन धडधडायला लागायचं. अशा कितीतरी अमेरिकन गाड्या आपल्या रस्त्यांवर टॅक्सी म्हणून घासल्या गेल्या. मूळपण असं जातं. गिअरबॉक्स करपल्यामुळं जातं. वहीएवढ्या जाळीनं मूळपण गेल्याचं उदाहरण मला एकही दाखवा.

गळतीचा मुद्दा मी साफ उडवून लावणार नाही. वाईट काम केलं तर गळतं, एवढं कबूल. पेट्रोलचा साधा होज घातला, पत्र्याच्या पाइपाचं तोंड न फुगवता क्लिप आवळली, जाळी प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी थेट रेडिएटरच्या पात्यांतून ओवून बांधली, तर रडायची वेळ येणारच. ती चूक हाताची. गिअरबॉक्सच्या तेलासाठीच बनवलेला होज घ्या, पाइपाच्या तोंडाला कड काढा, होज धारदार पत्र्यापासून आणि एक्झॉस्टपासून लांब न्या, जाळी स्वतःच्या पट्ट्यांवर रेडिएटरपासून थोडं अंतर ठेवून उभी करा. यात रॉकेट सोडायचं काही नाही. मी म्हणतो ज्या जिल्ह्यात बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमाराला सिनेमाचा कॅमेरा घरी घडवला, ज्या गारगोटीत ग्रामीण अभियांत्रिकी शिकवणारी संस्था उभी आहे, तिथं दोन होज नीट आवळणारा माणूस मिळत नाही?

आणि गळतीच मोजायची तर दुसऱ्या बाजूचीही मोजा. रेडिएटरच्या टाकीतली ती मूळची, पवित्र नळी आतून कुजली की तेल पाण्यात जातं आणि पाणी गिअरबॉक्सात. डिपस्टिक काढली की गुलाबी दूध. बाहेरच्या होजची गळती जमिनीवर थेंब पाडून आधी सांगते तरी. ही आतली गळती सांगते तेव्हा प्लेटांचे थर सुटलेले असतात. ज्याच्या रेडिएटरची खात्री नाही त्यानं तर ती मूळ नळी सोडूनच द्यावी आणि पुरेसा मोठा बाहेरचा कूलर एकटाच लावावा. हे ऐकून पाहुण्यांना घेरी येईल.

तेल फार गार होण्याचं म्हणाल तर मला हसूच येतं. ही भीती मिशिगनच्या हिवाळ्यातली आहे, जिथं पारा शून्याच्या खाली वीस जातो. तिथले लोकसुद्धा कूलर फेकून देत नाहीत. ते आधी बाहेरच्या जाळीतून आणि मग रेडिएटरच्या टाकीतून तेल फिरवतात, म्हणजे शेवटी पाणी त्याला ऊब देतं. किंवा थर्मोस्टॅटची झडप बसवतात. गावाच्या नावात 'गार' आहे म्हणून गारगोटीत बर्फ पडत नाही. इथं आधी रेडिएटरची टाकी, मग बाहेरची जाळी, मग परत गिअरबॉक्स, हा सरळ मार्ग पुरतो. डिसेंबरच्या पहाटे पहिली दहा मिनिटं गाडी हळू चालवा, ती तशीही चालवायचीच असते.

(हे लिहितोय हे कळल्यावर एकानं विचारलं, "मग माझ्या ॲम्बॅसिडरला बसवू का?" बाबा, तुझ्या ॲम्बॅसिडरला क्लच आहे. तिला जाळी नको, डाव्या पायाला विश्रांती हवी.)

आता मुख्य मुद्दा, मूळपण. हा शब्द या मंडळींच्या तोंडी इतका असतो की तो कशाला म्हणायचं हे विचारायचं राहूनच जातं. तुमच्या गाडीत आज जे तेल आहे ते मूळ आहे का? त्या काळच्या ऑटोमॅटिकच्या तेलात घर्षण सांभाळायला स्पर्म व्हेलचं तेल घालत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेनं व्हेलला संरक्षण दिलं आणि ते बंद झालं. त्यानंतर तेलाची अख्खी घडण बदलली. मूळपणाचा एवढाच कडक नेम असेल तर मालवणला जाऊन होडी भाड्यानं घ्या आणि व्हेल शोधा. सापडला की मला कळवा.

पेट्रोल तरी मूळ आहे का? शिसं घातलेलं पेट्रोल देशभरातून २००० साली गेलं. आता टाकीत वीस टक्के इथेनॉल आहे, आणि त्यातलं काही येतं उसातून. गंमत बघा. पुढच्या ट्रॉलीतला ऊस गाडी तापवतो आणि मागच्या हंगामातला ऊस त्याच गाडीच्या टाकीत जळतो. त्या इथेनॉलला टिकतील असे होज आणि रबरं या मंडळींनी मुकाट बदलून घेतली. टायर रेडियल घातले. डायनॅमो जाऊन अल्टरनेटर आला. पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाखाली लपवलं. हे सगळं चालतं, कारण दिसत नाही. कूलर दिसतो, म्हणून तो बाटवतो. हे मूळपण कसलं? हा पंक्तीत सोवळं नेसून बसायचा आणि माजघरात वडापाव खायचा प्रकार आहे.

कायद्याचा बागुलबुवाही एकदा बाजूला करू. केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ स्वरूपात राखलेली गाडी त्यात बसते. अट अशी की चासी, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत फेरबदल करून मोठी उलथापालथ केलेली नसावी. नव्या नोंदणीला वीस हजार फी, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, मुदत दहा वर्षं. आता सांगा, चार बोल्टांवर उभी केलेली जाळी ही चासी आहे, बॉडी आहे की इंजिन? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघायचं तर तेही आरसी बुकात लिहिलेल्या गोष्टी बदलण्याबद्दल बोलतं. कुणाच्या आरसी बुकात गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान लिहिलंय? जगभरच्या जुन्या गाड्यांच्या संघटनांची जी फिवा नावाची शिखर संस्था आहे, तिच्या तुरीन सनदेतही सुरक्षेसाठी बदल करावाच लागला तर तो परत काढता येईल असा करा आणि मूळ भाग गाडीबरोबर जपा, असाच सूर आहे. इथले सोवळेकरी युरोपापेक्षा कडक.

परत काढता येण्याबद्दल म्हणाल तर माझ्या मित्राच्या गाडीत एकही मूळ पाइप कापलेला नाही. परतीच्या पाइपाचा नट रेडिएटरपाशी सोडला, दोन्ही तोंडांना आट्यांचे ॲडॉप्टर लावले, तिथून होज काढून जाळीत नेला. पट्ट्या कंपनीनं ठेवलेल्या भोकांतच बसवल्या, ड्रिल हातात घेतलाच नाही. मित्राला उद्या गाडी प्रदर्शनात न्यायची असेल तर दोन पाने, एक बादली आणि एक दुपार पुरेल. जळालेला गिअरबॉक्स परत मूळ करायला किती दुपारी लागतात?

"पण ही गाडी कुठं पळवायचीय, उभीच तर असते." हेच खरं दुखणं. गाडी उभीच ठेवायची असेल तर मला काही म्हणायचं नाही. तिला हार घाला, संध्याकाळी उदबत्ती लावा. पण कोल्हापूरच्या दसऱ्याला छत्रपती घराण्याची १९३६ ची मेबॅक दसरा चौकात येते तेव्हा लोक पायाच्या चवड्यावर उभे राहून का बघतात? ती चालत येते म्हणून. गर्दीतून, माणसाच्या चालीनं, स्वतःच्या इंजिनावर. काचेच्या पेटीतली मेबॅक बघायला तेवढी गर्दी झाली असती का? जी गाडी चालते तिला ऊन, घाट, ट्रॉल्या, बोअरचं पाणी हे सगळं भोगावं लागतं, आणि भोगणाऱ्या गाडीची सोय पाहणं हे मालकाचं काम आहे. कूलर हा त्या गाडीचा अपमान असेल तर उन्हात माणसानं डोक्याला टॉवेल गुंडाळणं हाही पूर्वजांचा अपमानच म्हणायचा.

म्हणून त्या पाहुण्यांना माझं जाहीर आमंत्रण आहे. येत्या हंगामात आपली बिनबाटलेली गाडी घेऊन या. मुदाळतिट्ट्यापासून गारगोटीपर्यंत उसाच्या डबल ट्रॉलीच्या मागं ती आणि मित्राची अशा दोन्ही गाड्या चालवू, ओव्हरटेक करायचं नाही. गारगोटीत पोचलो की इंजिन चालूच ठेवून दोघांच्या डिपस्टिका काढू, पांढऱ्या रुमालावर पुसू आणि नाकाला लावून बघू. रुमाल दोन्ही मी आणतो.